डायबेटिस नाही, तरी शुगर ४८ कशी?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत, डायबेटिस नाही, इन्सुलिन कधीच घेतलेलं नाही. पण हल्ली दुपारचं जेवण होऊन तीन-चार तास झाले की दरदरून घाम येतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. ग्लुकोमीटरवर ४८ आली, साखरपाणी दिल्यावर बरं वाटलं. रिपोर्टमध्ये इन्सुलिन १०० च्या खूप वर आलंय, स्वादुपिंडात गाठ असू शकते, स्कॅन करा असं सांगितलंय. घरात सगळे घाबरलेत. पायाला मुंग्या येतात म्हणून नसांची गोळी चालू आहे, बाकी औषध काही नाही.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, आधी त्या नसांच्या गोळीची स्ट्रिप हातात घ्या आणि त्यावर अल्फा लिपोइक ॲसिड लिहिलंय का बघा. आपल्याकडे मिथाइलकोबालमिनसोबत ते सर्रास असतं, आणि व्हिटॅमिनच आहे समजून डॉक्टरांना कुणी सांगतही नाही. क्वचित काही लोकांमध्ये त्याने शरीर स्वतःच्याच इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं. जपानच्या हिराता यांनी १९७० मध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला, म्हणून हिराता डिसीज. होतं काय, की जेवल्यावर सुटलेलं इन्सुलिन या अँटिबॉडी धरून ठेवतात आणि काही तासांनी, जेव्हा त्याची गरजच नसते तेव्हा, सोडून देतात, मग शुगर धाडकन खाली येते. थायरॉइडच्या कार्बिमॅझोलनेही हे होऊ शकतं, पण ती गोळी कुणी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

गाठ असेलच तर ती शोधायलाच हवी, स्कॅन टाळा असं मी म्हणत नाहीये. पण गाठीमध्ये इन्सुलिन सहसा इतकं चढत नाही, त्यामुळे ऑपरेशनचा विषय निघायच्या आत इन्सुलिन अँटिबॉडीची टेस्ट झालीच पाहिजे, याचा आग्रह धरा. या आजारात गाठ समजून स्वादुपिंडावर ऑपरेशन झालेले पेशंट आहेत, ते वाचून खरंच वाईट वाटतं. शुगर ५५ च्या खाली असतानाच इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडचं (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा घटक) रक्त घ्यावं लागतं, नाहीतर अर्थ लागत नाही. सोबत सकाळचं कॉर्टिसॉलही बघायला सांगा, हे मूत्रपिंडावरच्या ॲड्रीनल ग्रंथीचं हार्मोन, कारण ॲडिसन्स नावाच्या आजारात शरीर या ग्रंथीवर असाच हल्ला करतं आणि त्यातही शुगर उतरते. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडेच, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडेच जा, सगळ्या स्ट्रिपा, आयुर्वेदिक आणि प्रोटीन पावडरसुद्धा, पिशवीत घालून न्या.

औषधच कारण निघालं तर ते थांबवल्यावर बहुतेकांना काही महिन्यांत आपोआप बरं वाटतं. शुगर उतरणं नाहीच थांबलं तर अकार्बोज (पिष्टाचं पचन हळू करणारी गोळी), स्टिरॉइड असे उपाय आहेत. तोवर एकदम पोटभर भात, साबुदाण्याची खिचडी, गोड चहा नको. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, भाकरी-उसळ-दही-शेंगदाणे असं खायला द्या, झोपायच्या आधीसुद्धा. आणि त्या बेशुद्ध पडल्या तर तोंडात साखरपाणी अजिबात घालू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं, सरळ १०८ ला फोन करा.