पुलावरचा रियाज

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेजारी तक्रार करतात म्हणून सॅक्सोफोनचं तोंड कपाटातल्या कपड्यांत खुपसून तुला रियाज करावा लागतो, आणि परवाच्या सोलोत चुकलेला एक स्वर अजून डोक्यातून जात नाही. आधी शेजाऱ्यांचं बोलू.

1959 साली न्यूयॉर्कमध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सचीही हीच अडचण होती. शेजारी एक बाई गरोदर होती, तिला आपल्या वाजवण्याचा त्रास नको म्हणून तो वाद्य उचलून विल्यम्सबर्ग पुलावर गेला. खाली ईस्ट नदी, बाजूने धडधडत जाणाऱ्या गाड्या. बोटींनी भोंगा दिला की हा सॅक्सोफोनवर उत्तर द्यायचा. कडाक्याच्या थंडीतसुद्धा, कधीकधी दिवसाला 15-16 तास. तेव्हा तिशीही उलटली नव्हती, पण नाव झालं होतं. ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही त्याची गाजलेली रेकॉर्ड 1956 मध्येच ध्वनिमुद्रित झाली होती. लोक वाहवा करत होते आणि याचं स्वतःचं समाधान होत नव्हतं. म्हणून त्याने दोन वर्षांहून जास्त काळ जाहीर कार्यक्रमच बंद ठेवले. त्याच्या वादनाइतकाच हा निर्णय मला मोठा वाटतो. 1961च्या अखेरीस तो परतला. पुढे त्याच दशकात तो आपल्या पवईच्या आश्रमातही येऊन राहिला. शिकायचं राहिलंय, हे त्याने कधी लपवलं नाही.

आता तुझा स्वर.

जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकने स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. जर्मनीत स्टुटगार्टमध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा सोलो रंगात आला होता आणि याने पियानोवर साफ चुकीची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, दाबली. सगळं संपलं असं त्याला वाटलं. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने असे स्वर वाजवले, की ती कॉर्ड तिथे चपखल बसली. पुष्कळ वर्षांनी हॅनकॉकला उमगलं, की माइल्सला ती चूक म्हणून ऐकूच आली नव्हती. समोर आलंय, तर याचं काय करता येईल, एवढंच त्याने पाहिलं.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. स्वर अर्ध्या पायरीने चढला, हे खरं. मला खटकलं ते त्यानंतरचं. पुढचे दोन बार, म्हणजे तालाचे दोन छोटे भाग, तुझा आवाज आकसला. नेमका तेव्हाच ड्रमरने रिमवर, म्हणजे ड्रमच्या कडेवर, एक ठोका देऊन तुला बोलावलं होतं, तो तुला ऐकूच आला नाही, कारण कान मागे राहिले होते. रियाज यासाठीच करायचा. बोटं आपापली चालू लागली की कान इतरांसाठी मोकळे होतात. वाजवणं आणि विचार करणं एका वेळी होत नाही, असं रॉलिन्स म्हणायचा. मला ते पटायला फार वर्षं लागली.

तोच कोरस, म्हणजे धुनेची ती एक फेरी, पुन्हा काढ. मुद्दाम त्या चढलेल्या स्वरावर थांब आणि तिथून धुनेत परतायच्या पाच वाटा शोध. दोन सहज सापडतील, उरलेल्या तिन्हींसाठी आठवडा जाईल. जाऊ दे.

जागेचं म्हणशील तर रविवारी पहाटे सहाला मी दादर चौपाटीवर असतो. लाटांच्या आवाजात कुणाची झोप मोडत नाही. जादा रीड, म्हणजे तोंडाशी बसवायची पट्टी, आण, आणि कोरडं फडकं विसरू नकोस. खाऱ्या हवेनंतर वाद्य लगेच पुसावं लागतं.

तुझा,
सर