खिडकीच्या आतल्या बाजूला

गेल्या अंकात मी सहज विचारलं होतं, असा कुठला गेम आहे का की जो खेळल्यावर तुमचं गेमकडं बघणंच बदललं. वाटलं चार-दोन पत्रं येतील. आली बरीच, आणि गंमत म्हणजे निम्म्या लोकांनी उत्तर द्यायचं सोडून मलाच उलटे प्रश्न विचारलेत, तेव्हा ह्या वेळी तेच घेतो. सगळी पत्रं बसणार नाहीत, रागावू नका.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो गेम ही पण कलाच, नाटक-सिनेमासारखी. मला काही पटत नाही. बटणं दाबायची, समोरचे मरतात, संपला विषय. तुमचं मत कुठल्या गेमनं बदललं ते सांगा, आणि खरं सांगा, फेकू नका. (एक वडील, कोल्हापूर)

फेकत नाही साहेब, पण त्याच्या आधी एक ऑफिसातली गोष्ट ऐकावी लागेल. वडील गेल्यावर घराचं लाईटबिल आईच्या नावावर करायचं होतं. कुठलं ऑफिस ते जाऊ दे. पहिल्या चकरेला साहेब रजेवर, दुसऱ्या चकरेला एक झेरॉक्स कमी, आणि तिसऱ्या चकरेला खिडकीतल्या माणसाला दिसलं की वडिलांच्या नावात एका कागदावर पहिली वेलांटी आहे आणि दुसऱ्या कागदावर दुसरी. एका वेलांटीसाठी ॲफिडेव्हिट. मी म्हटलं अहो माणूस तोच आहे ना, तर त्यानं मान पण वर केली नाही, कागद माझ्याकडं सरकवले आणि "हां, पुढचे" म्हणाला. बाहेर येऊन मी गाडीला किक मारताना त्याला ज्या शिव्या घातल्यात त्या इथं छापता येणार नाहीत.

वर्षभरानं भाच्यानं लॅपटॉपवर 'पेपर्स, प्लीज' टाकून दिला. २०१३ चा गेम आहे, लुकास पोप नावाच्या एका माणसानं जवळजवळ एकट्यानं केलेला. हा आधी अनचार्टेडसारख्या मोठ्या गेमवर काम करायचा, नंतर जपानमधे राहून स्वतःचे छोटे गेम करायला लागला, आणि परदेशात जाता-येता पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभं राहून राहून त्याला हे सुचलं. ह्यात बंदूकबाजी नावापुरती, पळापळ नाही. आर्स्टोत्झ्का नावाचा एक खोटा देश, साल १९८२, आणि तुम्ही बॉर्डरवरचे तपासनीस, नोकरी पण सरकारी लॉटरीत लागलेली. समोर माणूस येतो, कागद ठेवतो, तुम्ही फोटो बघायचा, तारीख बघायची, पासपोर्ट ज्या शहरात निघालाय ते शहर नियमाच्या पुस्तकात आहे का बघायचं, आणि हिरवा शिक्का नाहीतर लाल. एक माणूस बरोबर तपासला की ५ क्रेडिट, म्हणजे तिथले पैसे. संध्याकाळी ६ ला खिडकी बंद, मग घरचा हिशोब. भाडं, जेवण, शेगडी. घरी बायको, मुलगा, सासू, एक काका. पैसे कमी पडले की कोणीतरी गारठतं, मग आजारी पडतं, मग औषध, आणि रोज सकाळी पेपरात एक नवीन नियम.

पहिल्या दिवशी मी एकेकाचा चेहरा बघत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत चेहरा फक्त फोटोशी जुळतोय का एवढ्यापुरताच उरला. माणसं काहीतरी बोलतात, खाली अक्षरं उमटतात, मी वाचायचंच सोडून दिलं कारण वाचण्यात वेळ जातो आणि वेळ म्हणजे ५ क्रेडिट.

आणि मग ते जोडपं आलं. आधी नवरा, त्याचे कागद चोख. जाताना म्हणाला माझी बायको मागेच उभी आहे, जरा सांभाळून घ्या. मग बायको. तिच्याकडं एंट्री परमिटच नाही. म्हणाली मला परत पाठवलंत तर तिकडं मला मारून टाकतील. आता ह्या गेममधे चूक केली की बाजूच्या मशीनमधून खर्रर्र करत एक गुलाबी चिठ्ठी निघते, दिवसाच्या पहिल्या दोन चुका माफ असतात, तिसरीपासून क्रेडिट कापतात. माझ्या दोन माफ्या सकाळीच बावळटपणात संपलेल्या. मुलगा घरी आजारी. मी माऊस हातात धरून बसलो होतो, किती वेळ माहीत नाही, दहा सेकंद असतील, घड्याळ चालूच होतं, आणि मी लाल शिक्का मारला. आणि लगेच, विचार न करता, पुढच्याला बोलवायच्या भोंग्यावर क्लिक केलं.

"हां, पुढचे."

लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बायकोनं विचारलं काय झालं, तर काय सांगणार, एका चित्रातल्या बाईला परत पाठवलं म्हणून?

हेच सिनेमात दाखवलं असतं तर मी खुर्चीत बसून त्या तपासनिसाला नालायक म्हटलं असतं आणि समोसा खाल्ला असता. इथं शिक्का माझ्या हातात होता. ह्याच्या आधी मी हजार वेळा गेममधे माणसं मारलीत, एकदाही काही वाटलं नाही, आणि इथं एक शिक्का मारून झोप लागेना. गेममधे हे होऊ शकतं हेच मला तोवर माहीत नव्हतं. त्या ऑफिसातल्या माणसाला मी माफ वगैरे केलेलं नाही हां, दोन रजा आणि पेट्रोल गेलं ते गेलंच, पण तो मान वर का करत नसेल ते मात्र कळलं. कला आहे की नाही हे तुम्ही बापलेक जेवताना ठरवा. त्याच्या लॅपटॉपवर हा गेम आरामात चालेल, तुम्ही स्वतः सात-आठ दिवस नोकरी करा, मग बोला.

आमच्या वेळचे कॅसेटवाले गेम खरे. मारिओ, कॉन्ट्रा. आता नुसते ग्राफिक्स, आत काही नाही. बरोबर ना? (एक वाचक, लातूर)

अर्धं बरोबर. मी पण त्याच पंथातला, तो पिवळा कॅसेट, वर ९९९९९९९ इन १ लिहिलेलं आणि आत मोजून पाच-सहाच गेम परत परत, अडॅप्टर तापला की आई येऊन सरळ वायर उपटायची. तो सगळा माल म्हणजे जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉम नावाच्या गेम-मशीनच्या नकला, हे आपल्याला फार उशिरा कळलं. कॉन्ट्राचं वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, आणि मग ३० जीव, हे मला अजून झोपेत पण येतं, शाळेतलं पसायदान मधे अडखळतं.

पण तुम्ही मारिओकडं परत एकदा बघाच, मी चाळिशीत बघितला आणि उडालो. पहिल्या लेव्हलची सुरुवात आठवा. तो डावीकडं उभा, उजवीकडं सगळं मोकळं, म्हणजे जायचं कुठं ते कोणी न सांगता कळतं. समोरून ते तपकिरी मशरूमसारखं चालत येतं, धडकलात तर मेलात, पण दोनच सेकंदाचं नुकसान, म्हणजे पुढच्या वेळी उडी मारणारच. प्रश्नचिन्हाच्या डब्यातून चांगलं मशरूम निघतं, ते उजवीकडं पळतं, पाइपला आपटतं आणि उलटं तुमच्याकडंच येतं, म्हणजे घाबरून पळालात तरी बहुतेक मिळतंच. आपल्यापैकी कोणाला तरी ह्या गेमची सूचनापुस्तिका मिळाली होती का? नाही. तरी सगळ्यांना खेळता आला. मियामोतो आणि तेझुका ह्या दोघांनी १९८५ ला ते असं बसवलंय की लेव्हल स्वतःच मास्तर आहे. आणि हा सगळा गेम ४० किलोबाईटचा! रोज सकाळी तुमच्या काकांचा जो फुलांचा गुड मॉर्निंग फोटो येतो ना तो ह्याच्यापेक्षा जड असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकच चित्र वापरलंय, फक्त रंग बदललाय, आता हे कळलं की परत तुम्हाला ते वेगळं दिसणारच नाही, सॉरी.

बाकी आत्ताच्यात "आत काही नाही" हे वरचं उत्तर वाचून परत म्हणा.

माझ्याकडं ना पीसी ना प्लेस्टेशन. फक्त फोन, तो पण साधाच. तुमचं सदर वाचून नुसती जळफळ होते. (बी.एस्सी. दुसरं वर्ष, रत्नागिरी)

जळू नकोस गं. पेपर्स, प्लीज २०२२ पासून फोनवर पण आहे. पण तुला मी 'फ्लोरेन्स' सांगेन. मेलबर्नच्या माउंटन्स नावाच्या छोट्या टीमनं केलेला, २०१८ ला व्हॅलेंटाइनच्याच दिवशी आला, अर्ध्या-पाऊण तासात संपतो. फ्लोरेन्स नावाची एक मुलगी आणि क्रिश नावाचा एक मुलगा, हो, भारतीय वंशाचाच, चेलो वाजवतो. संवाद जवळजवळ नाहीतच. पहिल्या भेटीत तिला काही बोलायचं असेल तर तो बोलण्याचा फुगा तुला तुकडे जोडून बनवावा लागतो, जिगसॉसारखा. आधी बरेच तुकडे. पुढच्या वेळी कमी, मग अजून कमी, शेवटी एकच तुकडा, ठेवला की झालं. कोणाशी ओळख वाढली की बोलणं कसं सोपं होत जातं, हे बोटाला कळतं. आणि मग भांडण झालं की त्याच तुकड्यांना टोकं फुटतात आणि कोण आधी जोडतंय अशी शर्यत लागते. तो तिच्या घरी राहायला येतो तेव्हा त्याच्या वस्तू शेल्फवर ठेवायला तिच्या काही काढाव्या लागतात, काय काढायचं ते तू ठरवायचं. मी तिचं एक काढायला गेलो आणि थांबलोच. बास, पुढचं सांगत नाही. हेडफोन लाव. विकत घ्यावा लागतो, पण एका पिझ्झ्यापेक्षा जास्त नाही.

मुलगा १२ वर्षांचा. दिवसभर ते उड्या मारून उतरायचं आणि शंभर जणांनी एकमेकांना मारायचं. ओरडून थकले. (एक आई, नाशिक)

ओरडू नका, शेजारी बसा. तो जे खेळतो त्यात पण डोकं लागतं, मित्र तिथंच भेटतात, हे आधी मान्य करा म्हणजे तो तुमचं ऐकेल तरी. घरात कन्सोल किंवा बरा पीसी आणि दोन कंट्रोलर असतील तर 'इट टेक्स टू' घ्या, २०२१ चा आहे, त्या वर्षी गेम अवॉर्ड्समधे वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला होता. तो एकट्याला खेळताच येत नाही. म्हणजे सोयच नाही तशी. सुरुवातीला एकाच्या हातात खिळे आणि दुसऱ्याच्या हातात हातोडा, त्यानं भिंतीत खिळा मारायचा, तुम्ही त्या खिळ्याला हातोडा अडकवून झोका घेऊन पलीकडं जायचं. त्याचा खिळा चुकला की तुम्ही खड्ड्यात. पहिल्या तासाला तो "मम्मी तुला काहीच येत नाही" म्हणेल. दुसऱ्या तासाला शिकवायला लागेल. एक सांगून ठेवतो, गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या नवरा-बायकोची आहे, आणि मधे एका खेळण्यातल्या हत्तिणीचा प्रसंग आहे तिथं माझी मुलगी ढसाढसा रडली होती, तेव्हा आधी स्वतः बघून घ्या.

तुम्ही मागे 'जर्नी'ची एवढी तारीफ केलीत. दोन तास नुसतं वाळूत चाललो. पैसे परत द्या. (एक वाचक, ठाणे)

पैसे नाहीत. वाटेत भेटलेला तो दुसरा झगेवाला खराखुरा माणूस होता, जगात कुठंतरी बसून खेळणारा, हे माहीत होतं का? त्याला बोलता येत नाही, नाव दिसत नाही, नुसती टुण्ण अशी हाक मारता येते, नावं दिसतात ती गेम संपल्यावर. तुम्ही नेट बंद ठेवून खेळला असणार. नेट चालू करून परत जा.

आपल्याकडं असं काही बनतं का? की नुसतं रमीच? (आयटीवाला, पुणे)

अहो तुमच्याच गावात बनलंय. 'राजी', पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ ला किकस्टार्टर नावाच्या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे करायला गेले, जमलं नाही, तरी नेटानं पूर्ण केला आणि २०२० ला आला, गेम अवॉर्ड्सला पदार्पणाच्या गेममधे नामांकन पण मिळालं. हरवलेल्या भावाला शोधणारी बहीण, आणि मधली गोष्ट छायाबाहुल्यांतून. मारामारी मला थोडी अडखळती वाटली, पण ते महाल, ती भित्तिचित्रं बघायला तरी खेळा.

वय ६३. ३० वर्षं सरकारी ऑफिसात खिडकीवर काढली, आता निवृत्त. नातू म्हणतो आजोबा गेम खेळा. बोटं काही पळत नाहीत. माझ्यासारख्याला काही आहे का? (सांगली)

आजोबा, तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. पेपर्स, प्लीजमधे बोटं पळवायची गरजच नाही, माऊस हलवता आला की झालं, वेळ पुरत नाही असं वाटलं तर सोपा मोड आहे, त्यात रोजच्या पगारात थोडी भर पडते. नातवाला तोच टाकून द्यायला सांगा. ते नवरा-बायकोचं वर सांगून बसलो, पण तिथं तुम्ही काय केलंत ते मला कळवा, आणि त्या दिवशी तुमच्या किती माफ्या शिल्लक होत्या ते पण.