आवाज गेला? आधी मिक्सर बघ
अरे, कॉम्प्युटरचा आवाज गेला म्हणून लगेच उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) पुन्हा टाकायला घेऊ नकोस. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) अल्सामिक्सर (alsamixer, आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम) चालव आणि एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवड. मास्टर किंवा स्पीकरच्या पट्टीखाली 'एमएम' दिसतंय? म्हणजे म्यूट आहे. बाणाने त्या पट्टीवर जा, एम दाब, मग आवाज वाढव. तिथेच 'ऑटो-म्यूट' दिसलं तर तेही बंद करून बघ. हेडफोन लावलाय असा त्याचा समज झाला की ते स्पीकर गप्प करतं.

तरीही शांतता? मग आवाज बहुतेक एचडीएमआय केबलने मॉनिटरकडे चाललाय, आणि त्या बिचाऱ्याला स्पीकरच नसतील! पावूकंट्रोल (pavucontrol) या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये 'कॉन्फिगरेशन' टॅबवर प्रोफाइल, म्हणजे आवाज कुठून बाहेर पडायचा ती निवड, बदल.

कार्ड यादीतच नसेल, तर डीमेसेज (dmesg, सिस्टिमचे आतले संदेश दाखवणारी कमांड) चालवून त्याचं आउटपुट मला पाठव. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा फर्मवेअरचं (साउंड कार्डला लागणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचं) पॅकेजच राहिलेलं असतं.