तारेच्या टोकाला राहणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या महिन्यात याच पानावर सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की खेड्यांसाठी वीज पुरवणारी संस्था लोकांच्या मालकीची असेल तर बरं. त्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यातच गेला. काही रागावलेली, काही खोचक, दोन-तीन तर माझ्या लिखाणापेक्षा जास्त अभ्यास केलेली. सगळी छापणं शक्य नाही, निवडक घेतोय.

प्रश्न: बल्ब लागल्याशी मतलब. वीज सरकारची की कंपनीची की गावाची, यानं खेड्यातल्या माणसाला काय फरक पडतो? बिल तर दोघंही पाठवतात!

पाठवतात, खरंय. पण फरक पडतो तो बिल यायच्या आधी, म्हणजे तार तुमच्या दारापर्यंत न्यायची की नाही हे ठरतं तेव्हा.

हिशोब साधा आहे. शहरात एक मैल लाइन ओढली की शेकडो घरांचे वीजमीटर लागतात. खेड्यात तेवढेच खांब, तेवढीच तार, तोच ट्रान्सफॉर्मर, आणि मीटर किती? अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा सरासरी आकडा आजसुद्धा मैलाला साधारण 8 ग्राहक असा आहे. आता ज्या कंपनीला शेअरहोल्डरना दरवर्षी परतावा द्यायचाय ती आधी कुठे जाईल हे सांगायला नको. त्यात कुणी खलनायक नाही, धंदाच तसा आहे.

1935 च्या सुमारास अमेरिकेत शहरातल्या दहातल्या नऊ घरांत वीज होती आणि शेतावरच्या दहातल्या जेमतेम एका घरात. रूझवेल्ट सरकारनं त्या वर्षी ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळं खातं काढलं आणि कर्ज देऊ केलं, आधी खासगी कंपन्यांनाच विचारलं बरं का. त्यांच्या समितीचं उत्तर काय आलं तर मोठ्या कामासाठी वीज लागते अशी शेतं फारच थोडी उरलीत, बाकीच्यांपर्यंत आम्ही पोचलोय. मला हे वाचून दरवेळी हसू येतं, ज्याच्याकडे वीज नाही त्याला ती लागत नाही असं कंपनीनंच ठरवून टाकलं! मग शेतकऱ्यांनीच सहकारी संस्था काढल्या, 1936 मध्ये कायदा झाला, 1944 मध्ये तर 2 टक्के व्याज आणि 35 वर्षांची मुदत मिळाली. 35 वर्षं थांबायची तयारी हीच यातली खरी गोम आहे. मैलाला चार-पाच घरांची लाइनसुद्धा फिटते, पण दहा वर्षांत नाही फिटत. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या दहातल्या नऊपेक्षा जास्त शेतांवर वीज पोचली होती.

आणि बल्बचं म्हणाल तर बल्ब हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. टेक्सासच्या डोंगराळ भागात त्या काळी बायका विहिरीतून दोरीनं पाणी शेंदायच्या, रोज, घराला आणि जनावरांनाही. इस्त्री म्हणजे लोखंडाचा जड ठोकळा, चुलीवर तापवायचा, गार झाला की दुसरा उचलायचा, आणि ते सगळं ऐन उन्हाळ्यात पेटत्या चुलीशेजारी उभं राहून. त्या भागात घरं इतकी विरळ होती की कर्जासाठी मैलाला किमान 3 ग्राहकांची अट होती तीसुद्धा भरेना. तिथला तरुण खासदार लिंडन जॉन्सन (तोच, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो) थेट रूझवेल्टपर्यंत गेला आणि अट सैल करून घेतली. 1939 मध्ये तिथे वीज आली. माझा मुद्दा एवढाच की अट बदला म्हणून मागायला तिथे कुणीतरी होतं आणि ज्याच्याकडे मागायचं तो मतांना बांधलेला होता. खासगी कंपनीत अशी मागणी न्यायची कुणाकडे?

प्रश्न: सरकारी म्हटलं की ढिसाळ कारभार आलाच. खासगी कंपनी निदान काटकसर तरी करते. नाही का?

करते कधीकधी. पण वरच्याच गोष्टीत एक गंमत आहे. ग्रामीण लाइन महाग पडते म्हणून परवडत नाही असं ज्या कंपन्या सांगत होत्या त्यांच्या मैलामागच्या खर्चापेक्षा या नव्या संस्थांचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. कसा? शहरातल्या लाइनची नक्कल करणं सोडून दिलं. जास्त ताण सोसणारी तार घेतली म्हणजे दोन खांबांतलं अंतर वाढवता आलं, खांब कमी लागले. वरचे आडवे दांडे जिथे नको तिथे काढूनच टाकले. आणि काम कारखान्यासारखं लावलं, एक टोळी नुसते खड्डे खणत पुढे जाणार, मागची खांब उभे करणार, तिच्या मागची तार ओढणार. सगळीकडे एकच डिझाइन, त्यामुळे सामान घाऊक. हे काही रॉकेट उडवणं नव्हतं, पण आधी कुणाला करावंसं वाटलं नव्हतं.

खासगीवाल्यांनी मग काय केलं? काही ठिकाणी सहकारी संस्थेची आखणी झाली रे झाली की तिथल्या बऱ्यापैकी चार शेतांना घाईघाईनं आपली तार टाकून मोकळे. तिथे या लाइनींना नावच ‘स्पाइट लाइन’ पडलं होतं, आपण खुन्नस लाइन म्हणू. चांगले ग्राहक गेले की उरलेल्या विरळ घरांवर संस्थेचा हिशोब बसेना, हाच हेतू. म्हणून सार्वजनिक पुरवठ्यात अख्खा भाग घ्यायचा, मलई काढून घ्यायची नाही, हा नियम फार महत्त्वाचा आहे, माझ्या मते मालकीपेक्षाही महत्त्वाचा.

पण ढिसाळपणाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. वॉशिंग्टन राज्यात सार्वजनिक वीज संस्थांनी, त्यात कितीतरी ग्रामीण, एकत्र येऊन अणुवीज केंद्रं बांधायला घेतली. मागणीचा अंदाज भलताच फुगवलेला, खर्च हाताबाहेर, आणि शेवटी 1983 मध्ये दोन अर्धवट केंद्रांचे 2.25 अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. तोपर्यंत अमेरिकेत स्थानिक संस्थांच्या रोख्यांची एवढी मोठी बुडवणूक झाली नव्हती. टेनेसी खोऱ्यातली धरणं बांधताना हजारो कुटुंबं उठवली गेली तेही सार्वजनिक कामच होतं. तेव्हा पाटीवर ‘लोकांची संस्था’ लिहिलं की पाप धुतलं जातं असं अजिबात नाही.

प्रश्न: तुम्ही सरकारी आणि सहकारी एकाच मापात मोजताय. वेगळं आहे हो ते.

बरोबर पकडलंत. कायद्यानं सहकारी संस्था ही सभासदांची, म्हणजे खासगीच, सरकारची नाही. सार्वजनिक म्हणजे सरकारची, नगरपालिकेची किंवा जिल्ह्याची. पण ग्राहकाच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीकडे नफा बाहेरच्या कुणाकडे जात नाही आणि संचालक निवडून देता येतात, निदान कागदावर तरी. नेब्रास्काचं उदाहरण घ्या, अमेरिकेतलं हे एकमेव राज्य जिथे वीजपुरवठा पूर्णपणे सार्वजनिक किंवा सहकारी आहे, 1946 पासून. जिल्हावार वीज मंडळं, नगरपालिका आणि सहकारी संस्था असं मिश्रण आहे, मंडळाचे संचालक मतदार निवडतात. आणि हे राज्य काही समाजवाद्यांचा अड्डा वगैरे नाही, मक्याची शेतं आणि गुरांचे वाडे असलेलं चांगलं पुराणमतवादी राज्य आहे!

प्रश्न: शहरवाल्यांनी खेड्यांचा खर्च का उचलायचा? ज्याची लाइन लांब त्यानं जास्त भरावं.

भाऊ, मग पोस्टाचं तिकीटही अंतरानुसार लावा.

थोडं सविस्तर. स्कॉटलंडच्या उत्तरेकडे 1943 मध्ये तेव्हाचे स्कॉटलंडचे मंत्री टॉम जॉन्स्टन यांच्या पुढाकारानं जलविद्युत मंडळ निघालं. कायद्यातच लिहिलं होतं की त्या भागाचा आर्थिक विकास आणि सामाजिक सुधारणा हेही मंडळाचं काम. वीज डोंगरात तयार व्हायची, बरीचशी दक्षिणेकडच्या शहरांना विकायची आणि त्या पैशातून आडवळणाच्या वाड्यांना तार न्यायची. आता सांगा कोण कुणाला पोसत होतं? पाणी डोंगराचं, धरणाखाली गेलेली जमीन डोंगराची. बहुतेक देशांत असंच आहे, वीज गावाकडे तयार होते आणि टॉवर गावाच्या डोक्यावरून शहराकडे जातात. टॉवरखालच्या घरात अंधार असला तर हिशोब कुणाचा चुकला ते तुम्हीच बघा.

प्रश्न: लोकांनाच नको असेल तर? जबरदस्तीनं देणार का?

हा प्रश्न मला फार आवडला कारण आयर्लंडमध्ये अगदी हेच झालं. तिथलं सरकारी वीज मंडळ 1927 चं, पण खेड्यांची योजना 1946 मध्ये सुरू झाली, नोव्हेंबरमध्ये पहिला खांब उभा राहिला. पद्धत अशी की चर्चच्या हद्दीप्रमाणे, म्हणजे पॅरिशवार, घरोघर जाऊन विचारायचं, किती जण घेणार? जिथे होकार जास्त आणि खर्चाच्या मानानं उत्पन्न बरं तिथे आधी काम. कल्पना करा, माणूस स्वयंपाकघरात टेबलाशी फॉर्म घेऊन बसलाय, घरातली बाई म्हणते घ्या, आणि म्हातारा विचारतो दर दोन महिन्यांनी बिल येणार ते कोण भरणार. हो म्हणायचं आणि खांब दाराशी आले की नाही म्हणायचं असं इतक्यांनी केलं की मंडळात त्यांना नावच होतं, ‘बॅकस्लायडर’, म्हणजे मागे सरणारे. मंडळानं काय केलं? जबरदस्ती नाही. शेजाऱ्याकडे दिवा लागला, पाण्याचा पंप बसला, आणि बरेचसे आपोआप आले. काही दुर्गम खोऱ्यांत मात्र वीज पोचायला सत्तरचं दशक उजाडलं, म्हणजे सार्वजनिक असूनही रांग होतीच, आणि रांगेत शेवटी कोण उभं होतं हे सांगायला नको.

प्रश्न: आता छतावर सोलर आलंय. मग ही सगळी चर्चा शिळी नाही झाली?

अर्धी झाली. एका घराला दिवे-पंखा-मोबाइल एवढंच हवं असेल आणि लाइन खूप लांब असेल तर पॅनल आणि बॅटरीच परवडते, उगाच तार ओढू नये. पण पिठाची गिरणी, दूध गार ठेवायची टाकी, वेल्डिंग, थ्री फेजची मोटर, आणि सलग चार दिवस ढग, हे आलं की ग्रिड लागतंच. शिवाय ज्यांना परवडतं ते पॅनल लावून बाहेर पडले की खांब-तारांचा खर्च उरलेल्यांच्या बिलावर येतो, आणि उरतात ते गरीब. तेव्हा स्थिर आकार किती ठेवायचा, ग्राहकाची जादा वीज कोणत्या दरानं घ्यायची, हे ठरवणारी खुर्ची कुणाच्या हातात आहे हा प्रश्न उलट आता जास्त तापणार आहे.

प्रश्न: सहकारी संस्था नफ्याचं करते काय?

वर्षाअखेरीला जे उरतं ते सभासदाच्या नावावर, त्यानं जेवढी वीज वापरली त्या प्रमाणात, जमा दाखवायचं. अमेरिकेत याला कॅपिटल क्रेडिट म्हणतात. पैसा आधी खांब-तारांत वापरतात आणि परत करतात बऱ्याच वर्षांनी, कधी वीस-तीस. थोडक्यात तुमच्याच पैशाची बिनव्याजी उसनवारी.

प्रश्न: मग आपली वीज संस्था खरंच लोकांची आहे की नुसती नावाला, हे ओळखायचं कसं?

तीन गोष्टी मागून बघा. मागच्या निवडणुकीत किती टक्के सभासदांनी मत दिलं. मीटिंगला सामान्य सभासदाला बसू देतात का आणि इतिवृत्त मिळतं का. लाइन तुटली तर टोकाच्या घराला सरासरी किती तासांनी वीज परत येते, अख्ख्या भागाची सरासरी नको, टोकाचीच मागा, कारण सरासरीत टोक लपतं.

पहिल्या दोन गोष्टी क्षुल्लक वाटतील, म्हणून परत टेक्सासला जाऊ. ज्या संस्थेसाठी अट सैल झाली, बायकांच्या डोक्यावरचं पाण्याचं ओझं जिनं उतरवलं, तीच पेडरनालिस सहकारी संस्था. पुढे प्रचंड वाढली आणि कारभार मूठभरांच्या हातात गेला, सभासदांना ना मीटिंगा दिसायच्या ना खर्च. 2007 मध्ये सभासदच कोर्टात गेले, आपल्याच संस्थेविरुद्ध. जुनी मंडळी गेली, निवडणूक खुली झाली, मीटिंगांची दारं उघडली. सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या आजी-आजोबांनी सभासद व्हायचे पैसे भरले होते, त्या पावतीचा उपयोग नातवंडांना असा झाला.