ऑफ-रोड गाडी वीस वर्षं टिकवायची तर इंजिन ऑइल दर ५,००० किलोमीटरला बदललं की पुरे का?

नाही, पुरे नाही. हा विषय दरवेळी इंजिन ऑइलपाशीच अडतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाड्यासुद्धा अकाली भंगारात जातात, आणि त्याची कारणं अनेकदा ॲक्सलमधलं पाणी, फिल्टरला बगल देऊन शिरलेली धूळ आणि चॅसीचा गंज हीच असतात.

ॲक्सलचंच बघा. तासभर चालून डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलमधला चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच, तापलेलं असतं. गाडी ओढ्यात उतरते, त्याच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, गार पाणी लागतं आणि आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करायला ठेवलेलं छोटं तोंड, चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. सीलचं मुख्य काम आतलं ऑइल आत ठेवणं, असा ताण उलटा आला की त्याचा निभाव लागत नाही. त्या दिवशी काहीच कळत नाही, आवाजही येत नाही. पुढे गाडी आठवडाभर उभी राहिली की बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात, तिथून धातू सोलायला लागतो आणि एक दिवस पिनियनचं (डिफरन्शियलमधल्या लहान गिअरचं) बेअरिंग घरघरतं. तोवर प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा ठरावीक दाब, गेलेला असतो, पिनियन आणि मोठ्या क्राउन गिअरच्या दातांची पकड सरकलेली असते. मग निदान होतं, ‘गाडी जुनी झाली’. जुनी कसली! तो ब्रीदर एकदा साफ केला असता तर ॲक्सल वाचला असता.

म्हणून पाणी हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) वर गेलं असेल तर गाडी रात्रभर सपाट जागी उभी करा आणि सकाळी तपासा. आधी फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) सैल करायचा, मगच ड्रेन प्लग (खालचं, ऑइल काढायचं बूच). फिलर जाम निघाला आणि ऑइल आधीच काढून टाकलं असेल तर नवीन भरणार कुठून? पाणी तळाशी बसलेलं असतं, त्यामुळे ड्रेन प्लग थोडा सैल केला की आधी तेच येतं. ऑइल दुधाळ दिसलं तर सगळं बदला, फिलरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. प्लगच्या चुंबकावर काळपट मऊ लेप असणं साधं आहे. बोटाला टोचणारे कण असतील तर डिफरन्शियल उघडायला हवं. ब्रीदरला ऑइल सोसणारा पाइप जोडून इंजिन बेमध्ये उंचावर न्या, वाटेत झोळ राहू देऊ नका, तोंड खाली वळवा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचे) ब्रीदरही विसरू नका.

एअर फिल्टर दर फेरीनंतर काढून हवा मारायची सवय वाईटच. जोराच्या हवेने कागद फाटतो, आणि प्रत्येक उघडझापीत थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते. फिल्टरकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपमध्ये आतून बोट फिरवा. धूळ लागली तर रबरी कड नीट बसत नाही किंवा क्लिप ढिली आहे, आणि ती धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर खाते आहे.

ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटला चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. चॅसीच्या पोकळ्यांतला चिखल पाण्याने काढा, ड्रेन होल मोकळी ठेवा. गंजावरच अंडरकोट फासला तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून जातो.

राहिला ५,००० चा आकडा. लो रेंजमध्ये (हळू पण जास्त ताकदीने चालवणाऱ्या गिअरमध्ये) ताशी १० किलोमीटरच्या वेगाने १०० तास चाललेली गाडी मीटरवर १,००० किलोमीटरच दाखवते, पण इंजिन १०० तास राबलेलं असतं. त्यामुळे तास मोजा आणि मॅन्युअलमधलं खडतर वापराचं वेळापत्रक पाळा.

एक मात्र सांभाळा: जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे आहेत; ॲक्सलला चालणारं जीएल-५ ऑइल जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातले काही रासायनिक घटक गिअर सहज पडू देणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना बाधू शकतात. आणि क्लच प्लेटांचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक फुकट फिरू न देणारं) असेल तर त्याला लागणारं फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण जुळवणारं रसायन, ऑइलमध्ये आहे का ते आधी बघा, नाहीतर वळणावर क्लच प्लेटा कटकट करतील.