डबा खाताना झालेल्या भांडणाबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहात, महिना पगार १४ हजार आहे आणि डबा उघडला की रोज तोच वाद सुरू होतो. सुपरवायझर म्हणतात, कर कमी करा, कामगार कायदे सैल करा, सरकारनं बाजूला व्हावं. मग बघा सोलापुरात कसे कारखाने उभे राहतात, पोरांना पुण्याची गाडी धरावी लागणार नाही. मागांची देखभाल करणारे जॉबर मामा म्हणतात, सरकारनं हात काढला की मालक आपल्याला उभा पिळून काढेल. आणि तुम्ही विचारताय, दोघांतला बरोबर कोण.

माझी ओळख आधी सांगतो, म्हणजे पुढचं कुठून बोलतोय ते कळेल. मी अकरा वर्षं मागावर होतो. पाठ गेली तेव्हा मालकानंच हातात पेन दिलं, आणि पुढची वीस वर्षं मी तीन-चार कारखान्यांची हजेरी आणि पगारपत्रकं लिहिली. आधी माझं नाव दुसरा लिहायचा, नंतर मी दुसऱ्यांची लिहायला लागलो. दोन्ही खुर्च्यांवरून हे भांडण ऐकलंय, आणि भांडण बहुतेक वेळा 'कर' हा शब्द दोघं वेगवेगळ्या अर्थानं वापरतात म्हणून होतं.

सुपरवायझर साहेबांना विचारा, कुठला कर कमी करायचा? २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा आयकर गेला, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. तुमचे १४ हजार गुणिले बारा म्हणजे १ लाख ६८ हजार. तुम्ही आयकर भरतच नव्हता, तर माफ काय होणार? बँकेतल्या साहेबाला, कॉलेजातल्या प्राध्यापकाला फायदा झाला, चांगली गोष्ट आहे, चार टॉवेल जास्त घेतील. त्याआधी २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादक कंपनीला तर १५. सरकारचाच अंदाज होता की त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडावे लागतील. पण ही सवलत कंपनीला. आपल्या पूर्व भागातल्या गल्ल्यांतून फिरा आणि मोजा, किती शेडच्या पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' दिसतं. बहुतेकांची पेढी बापाच्या नाहीतर बायकोच्या नावावर, फार तर दोघा भावांची भागीदारी. त्यांना त्यातला रुपया लागला नाही. तरी आमचा एक मालक वर्षभर 'आता कर कमी झालाय, दिवस पालटतील' म्हणत होता. कुणाचा कमी झाला हे त्यानं त्याच्या सीएला विचारलंच नव्हतं!

जीएसटीचं वेगळं आहे. तो तुम्ही भरता, रोज. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आली, साडेतीनशे सीसीपर्यंतची मोटरसायकल २८ वरून १८ वर. तुमच्या ज्या मित्रानं दिवाळीत गाडी घेतली म्हणता, त्याला हा कर कमी झालेला पावतीवर दिसला असेल. तिथं सुपरवायझर बरोबर. मोबाइलच्या रिचार्जवर मात्र आजही १८. आणि आपल्या मालाचं म्हणाल तर हजार रुपयांपर्यंतचा टॉवेल, चादर पहिल्यापासून ५ टक्क्यांतच होती. आता ती मर्यादा अडीच हजार केली, त्यापुढच्या भारी मालाला उलट १२ चे १८ झाले. साध्या टॉवेलच्या शेडला काय फरक पडला? काही नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला या सगळ्यापेक्षा जास्त लागते. आमच्या शेजारच्या अक्का चाळीस वर्षं बिडी वळतात. मांडीवर सूप, भिजवलेली पानं ओल्या फडक्यात, पत्र्याच्या मापानं कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. बोलता बोलता वळतात, हाताकडे बघतसुद्धा नाहीत. १९७६ च्या कायद्यानं बिडीवर एक उपकर होता, शेवटी शेवटी हजार बिड्यांमागे पाच रुपये. तो पैसा बिडी कामगार कल्याण निधीत जायचा, आणि त्यातून दवाखाना, पोरांची शिष्यवृत्ती, घराला अनुदान. अक्कांच्या मुलीला शाळेत असताना शिष्यवृत्ती मिळाली, कार्डाची झेरॉक्स जोडून फॉर्म मीच भरून दिला होता. २०१७ ला जीएसटी आला, त्यात हा उपकर रद्द झाला. तुम्ही म्हणाल, म्हणजे कर कमी झाला. कुठला! बिडीला थेट २८ टक्के जीएसटी लागला. कर वाढला आणि त्याच्यावरचा पत्ता तेवढा पुसला गेला. आधी बिडीतून आलेले पाच रुपये बिडीवालीकडेच जाणार हे कायद्यात लिहिलेलं होतं. आता योजना चालते ती सरकारच्या एकत्र तिजोरीतून, म्हणजे दर वर्षी हात पसरून मागायचं. सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं बिडी २८ वरून १८ वर आणायचं ठरवलं, तेंदूपत्ता १८ वरून ५ वर. अक्कांना मी हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "हजारी वाढली का?" हजारी म्हणजे हजार बिड्या वळायची मजुरी. नाही वाढली. ती राज्य सरकारच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेनं ठरते, जीएसटीच्या टक्क्याशी तिचा संबंध नाही.

कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत तुम्ही पाहिली असेल. बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं, २००६ ला चाव्या मिळाल्या. केंद्राचं अनुदान, राज्याचं अनुदान, आणि बाईचे स्वतःचे साठवलेले. नंतर त्याच बाजूला रे नगर, तीस हजारांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या. 'सरकार नको' म्हणणारा माणूस कुंभारीत उभा राहून तसं म्हणेल का, ते बघायला मला आवडेल.

तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'पी.टी. २००' असं कापलेलं दिसतं ना, फेब्रुवारीत ३००? वर्षाचे अडीच हजार. व्यवसाय कर. तुमच्या टेबलावरच्या बायकांचा कापत नाहीत, २०२३ पासून महिलांना २५ हजारांपर्यंत माफ आहे, म्हणून तुम्हाला वाटतं आपल्यालाच लुटलं. हा कर १९७५ ला आला तो रोजगार हमीसाठी. शहरात पगार घेणाऱ्यानं थोडं द्यायचं, गावात दुष्काळात हात रिकामा असलेल्याला काम द्यायचं. माझी आजी मंगळवेढा तालुक्यातली. ७२ च्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली, दुपारी सुकडी खाल्ली. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख तिला मरेपर्यंत नीट आलं नाही, त्या हातानं दगड धरायचा आणि उजव्या हातानं हातोडा. वि. स. पागे यांनी जी कल्पना मांडली ती पुढे राज्याचा कायदा झाली, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ ला सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा आला. बाकी कुठला कर कुठं जातो हे मला सांगता येत नाही, पण या दोनशे रुपयांची गोष्ट मला माहीत आहे, म्हणून ते कापताना माझा हात कधी जड झाला नाही.

आता कामगार कायदे. इथं मी स्वतः धुतल्या तांदळाचा नाही.

एका शेडमध्ये छत्तीस माणसं होती. शेड एक, मेन स्विच एक, चहाची किटली एक. दारावर पाट्या दोन, एक मालकाच्या नावाची, एक मालकिणीच्या. माझ्या टेबलावर हजेरीच्या वह्या दोन, निळी आणि लाल. निळीत अठरा, लालमध्ये अठरा. कारण भविष्य निर्वाह निधीचा कायदा विसाव्या माणसाला लागतो. एकदा तपासणीला साहेब आले, वह्या बघितल्या, मान हलवली. जाता जाता कोपऱ्यातल्या कांड्या भरणाऱ्या बायकांकडे बोट करून म्हणाले, "या कुठल्या कारखान्याच्या?" मी निळी उघडली, मग लाल उघडली. त्या चौघीजणी कुठल्याच वहीत नव्हत्या. मी म्हटलं, पाहुण्या आहेत. साहेब हसले आणि गेले.

मालक राक्षस नव्हता, हेही लिहायला हवं. सूत रोखीनं घ्यायचा, माल उधारीवर जायचा, व्यापारी तीन-तीन महिने पैसे अडकवायचा, आणि वरून विजेचं बिल. पगाराच्या बारा टक्के आपल्याकडून भरायचे म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. सुपरवायझर म्हणतात ते 'कायदा सैल करा' इथून येतं आणि त्यात खोटं काही नाही. पण त्या शेडमध्ये सव्वीस वर्षं धोटा मारलेला एक माणूस गेला, तेव्हा त्याच्या बायकोला पेन्शनचा कागद शोधत मी मागं फिरलो होतो. कागद नव्हता. असता तरी किमान पेन्शन महिना हजार रुपये आहे, २०१४ पासून तेवढीच. पण हजारसुद्धा नाही आणि हजार, यात फरक असतो हो.

म्हणून २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यात मिसळले, तेव्हा मी आधी आकडे शोधले. कामगार काढायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी आधी शंभर कामगारांना लागायची, आता तीनशेला. यावर चॅनेलवर मोठी भांडणं झाली. आपल्या शेडला त्याचं सोयरसुतक नाही, तिथं शंभर माणसं होतीच कधी? विजेवर चालणारी शेड कायद्यानं 'कारखाना' ठरायला केंद्राच्या जुन्या कायद्यात दहा माणसं लागायची, आता वीस, पण महाराष्ट्रानं ती २०१५ लाच वीस केली होती. म्हणजे आपल्या गल्लीत यानंही नवं काही झालं नाही. भविष्य निधीचा वीस आणि ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचा, दहा तसाच राहिला. म्हणजे निळी आणि लाल वही आजही उपयोगाची. उलट बाजूनं, प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यायचं बंधन आलं, आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटी द्यावी लागू नये म्हणून पाच वर्षं पुरी व्हायच्या आत माणूस बदलायची युक्ती मी डोळ्यांनी पाहिलीय, त्यामुळे हे कलम मला आवडलं. जॉबर मामांना संहितांचं नाव काढलं की राग येतो, येऊ दे, पण हे कलम त्यांना वाचून दाखवा.

'सरकारनं बाजूला व्हावं' यावर एक जुनी आठवण, माझी नाही, या गावाची. १८७७ ची आपली जुनी मिल १९४९ च्या ऑगस्टमध्ये मालकांनी बंद केली. गावात हाहाकार. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून मिलचा कारभार ताब्यात घेतला. कारण दिलं की गैरकारभारामुळे अत्यावश्यक मालाचं उत्पादन थांबलंय आणि बेकारी वाढलीय. त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० ला न्यायालयानं बहुमतानं सरकारची बाजू धरली, १९५३ ला दुसऱ्या खटल्यात तोच कायदा घटनेच्या ३१व्या, मालमत्तेच्या हक्काच्या, कलमाविरुद्ध ठरवला. १९५५ ला ते कलमच बदललं. वकिलीच्या पोरांना अजून हे खटले शिकवतात, आणि मिल? ती साठच्या दशकात कायमची बंद पडली. सरकार आलं तरी ती वाचली नाही, आणि सरकार आलं नसतं तर त्या वर्षी चुली पेटल्या नसत्या. जॉबर मामा अर्धी गोष्ट सांगतात, सुपरवायझर दुसरी अर्धी.

आणि सरकार म्हटलं की फक्त दिल्ली-मुंबईचं धरू नका. तुमचा ओव्हरटाइम २०२५ च्या ऑगस्टपासून बंद झाला म्हणता. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं होतं, तुमच्या कारखान्याचा टॉवेल तिकडं जात असेल तर तो बंद व्हायचं कारण तिथं असणार. तो कर ना तुमच्या मालकानं ठरवला ना आपल्या सरकारनं.

आता तुमच्या चिठ्ठीकडे. ईएसआयचे किती कापतात बघा. १४ हजारांवर पाऊण टक्का, १०५ रुपये असायला हवेत. जुलै २०१९ च्या आधी पावणेदोन टक्के होते, म्हणजे २४५ झाले असते. मालकाचाही हिस्सा पावणेपाचवरून सव्वातीनवर आला. ही कपात तुमच्या टेबलावर खरोखर पोचलेली आहे, महिना १४० रुपये, आणि डब्याच्या वादात ती कुणाच्या तोंडी नाही. सुपरवायझरना सांगा, त्यांना आवडेल. लगेच जॉबर मामांना विचारा की होटगी रोडच्या ईएसआयच्या दवाखान्यात रांग कमी झाली का.

मग मोबाइलवर यूएएन, म्हणजे तुमचा भविष्य निधीचा नंबर, टाकून पासबुक उघडा. दर महिन्याची नोंद आहे का, मधले महिने गाळलेत का. आणि नेमणूक पत्र मागा, ते आता द्यावंच लागतं. मिळालं की पगाराचा आकडा नंतर वाचा, आधी वर कारखान्याचं नाव कुठलं लिहिलंय ते बघा. मग जेवणाच्या सुटीत बाहेर या आणि दारावरची पाटी वाचा.