आयुष्याचा अर्थ प्रत्येकजण वेगळा सांगतो, मग खरं कोणाचं मानायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आई म्हणते संसार आणि मुलंबाळं. आजोबा ज्यांच्या कीर्तनाला जातात ते महाराज म्हणतात मोक्ष. खोलीवरचा मित्र म्हणतो, कशालाच काही अर्थ नाही, सगळं उगाच चाललंय. तुम्ही तेवीस वर्षांचे आहात आणि यातलं एक खरं धरून पुढं चालायचं, असं तुमच्या मनात आहे.

मी तत्त्वज्ञान शिकलेलो नाही. एका पतसंस्थेत हिशेब लिहायचो. वय ४९. सहा वर्षांपूर्वी माझी दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. बरीच वर्षं बीपीकडे दुर्लक्ष केलं होतं. (तुमच्या घरात कुणाला बीपी किंवा साखर असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, त्यावरून मूत्रपिंडं कशी चालतात ते कळतं, ही एवढी विनंती आधीच करून ठेवतो.) तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार मी फलटणला डायलिसिसला जातो. हातात दोन सुया. एकीतून रक्त बाहेर येतं, यंत्रातून गाळलं जातं आणि दुसरीतून परत आत जातं. चार तास तो हात हलवायचा नाही. एका हाताने मोबाइल किती वेळ बघणार? मग माणसं बोलायला लागतात. सहा वर्षं त्याच त्या खाटांवर तीच ती माणसं, आणि तुम्ही विचारलाय तोच प्रश्न तिथं रोज कुणीतरी काढतं.

माझ्या उजवीकडे तरडगावच्या बाजूच्या एक काकू असतात. गळ्यात माळ, आळंदीहून पंढरपूरपर्यंत अठरा वाऱ्या पायी केलेल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन. आता फिस्टुलाच्या हाताने, म्हणजे सुया टोचण्यासाठी ज्या हातात शीर आणि धमनी जोडलेली असते त्या हाताने, वजन उचलायचं नाही, म्हणून वारी बंद. दोन वर्षांपूर्वी पालखीच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं (वारकऱ्यांच्या रांगांमधून माऊलींचा अश्व पळतो ते) आणि नेमकी त्याच दिवशी काकूंची डायलिसिसची पाळी आली. डायलिसिस चुकवणं धोक्याचं. आमच्या टेक्निशियननं त्यांना पहाटेच्या पहिल्या पाळीला घेतलं. यंत्रावरून सुटल्यावर हाताला पट्टी तशीच ठेवून त्या जीपने गेल्या. पुढच्या खेपेला आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "अर्थ-बिर्थ मला कळत न्हाई बाबा. माऊलींचा अश्व पळाला, टाळ वाजले, माझं झालं."

खरं सांगतो, पूर्वी मला हे पळवाटीसारखं वाटायचं. देवावर सोपवलं की विचार करायला नको. पण काकूंएवढं पथ्य आमच्यात कुणी पाळत नाही. देवळातलं चमचाभर तीर्थसुद्धा त्या दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरतात. सोपवणं म्हणजे हात झटकणं नव्हे, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगतो. मूत्रपिंडं थांबली की बहुतेकांची लघवीही हळूहळू जवळजवळ थांबते. जे पिऊ ते पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगात साठतं, पायावर सूज येते, फार झालं तर फुप्फुसात उतरतं आणि आडवं झोपताही येत नाही. म्हणून आम्ही सगळे दिवसभराचं पाणी मोजून पितो. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटते. समोरच्या खाटेवर एक पोरगा आहे, पिकअप चालवायचा. आईने त्याला मूत्रपिंड द्यायची तयारी केली, तपासणीत तिलाच साखर निघाली. आता प्रतीक्षायादीत नाव आहे. एकदा आमचं मोक्षावरून बोलणं रंगलेलं असताना तो म्हणाला, "काका, मला अर्थ नको. मला एक तांब्याभर पाणी पायजे. न मोजता. घटाघटा."

सगळे गप्प झाले. यंत्र लावणारा आमचा टेक्निशियन थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्या पणजोबांच्या वेळी गावात पाणी होतं, पण प्यायची परवानगी नव्हती." त्याच्या घरी २० मार्च हा दिवस सणासारखा पाळतात. १९२७ साली त्या दिवशी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, आणि मागे हजारो माणसांनी. त्या दिवशी तो सुया टोचता टोचता जे बोलला ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "आमच्या घरात आयुष्याचा अर्थ काय, असं कुणी विचारत नाही. माणूस म्हणून जगायला मिळालं पाहिजे, हे आधी. त्याच्यासाठी पणजोबा खपले, आजोबा १९५६ला नागपूरला दीक्षेला गेले. त्यांना अर्थ शोधत बसावं लागलं नाही, काम समोर होतं."

हे मी अजून विसरलेलो नाही. महाराजांचा मोक्ष आणि पणजोबांची ओंजळ या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. ज्याला जे नाकारलं गेलं, त्याचा अर्थ तिथून उगवतो. म्हणून लोकांची उत्तरं वेगळी येतात आणि त्यात कुणी खोटं बोलत नसतं.

पण मतं वेगळी आहेत म्हणजे सगळी सारखीच, असंही मी म्हणणार नाही. एका मताशी माझं भांडण आहे आणि ते मत ज्यांचं आहे ते सर मला फार प्रिय आहेत. आमच्याच खोलीत डायलिसिसला येणारे निवृत्त विज्ञान शिक्षक. देव मानत नाहीत, देहदानाचा फॉर्म भरून ठेवलाय. त्यांचं म्हणणं असं की निसर्गाला आपल्याशी काही देणंघेणं नाही, अर्थ आपण कामातून तयार करायचा. इथपर्यंत मला पटतं. पुढचं पटत नाही. दोन पाय सुजलेले असताना एका शनिवारी ते म्हणाले, "मग ज्या दिवशी काम संपलं त्या दिवशी अर्थही संपला. मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही. विनोबांनी शेवटी अन्न-औषध नाकारलंच ना?"

विनोबांचं खरं आहे. नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला त्यांनी अन्न आणि औषध घेणं थांबवलं आणि १५ तारखेला ते गेले. वय ८७. आपलं काम पूर्ण झालं, आता देह सोडायचा, या भावनेने. सरांच्या बोलण्यात ती शांती नव्हती. ते थकले होते, आणि मुलाचे पैसे खर्च होतात याचं त्यांना ओझं वाटत होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उपचार नाकारायचा हक्क माणसाला असावा, हे मला मान्य आहे. पण मी निरुपयोगी म्हणून मी नको, हा हिशेब मला मान्य नाही. आयुष्यभर जमा-खर्च लिहिल्यामुळे असेल, पण माणसाची खतावणी अशी मांडलेली मला सहन होत नाही.

त्या दिवशी उत्तर मी दिलं नाही, आमच्या सिस्टरनी दिलं. त्यांचं शिक्षण मुंबईत झालेलं. त्यांनी अरुणा शानबागची आठवण काढली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती पुन्हा कधी पूर्ण शुद्धीवर आली नाही. तिला या अवस्थेतून मोकळं करावं म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज झाला, तो ७ मार्च २०११ला फेटाळला गेला. अर्ज करणाऱ्या लेखिकेलाही तिचा कळवळाच होता, हे विसरायला नको. पण केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही बघू. बघत आल्याच होत्या. १८ मे २०१५ला ती गेली, तोवर चार दशकांहून जास्त काळ. इतकी वर्षं अंथरुणावर असून तिला बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. पहिल्या परिचारिका निवृत्त झाल्या, मग ज्या आल्या त्यांनी तिला कधी चालता-बोलताना पाहिलंही नव्हतं.

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "सर, ती कुणाच्या काय उपयोगाची होती, सांगा."

सर काही बोलले नाहीत. मंगळवारी येतील की नाही याची मला धाकधूक होती. आले. खाटेवर बसता बसता त्यांनी सिस्टरना विचारलं, "त्या वॉर्डात तिला भरवायचं काम कुणाकडे असायचं?" आणि ते चार तास ते फक्त ऐकत होते. त्यांचं मत बदललं असं मी म्हणत नाही. ते येतात, एवढं मला पुरे आहे.

यावरून तुमच्या मित्राबद्दल एक सांगतो. कशालाच अर्थ नाही, हे कुणी विचार करून म्हणत असेल तर ते एक जुनं, विचारी मत आहे, त्याच्याशी खुशाल वाद घाला. पण तो नीट जेवतो का, झोपतो का, लोकांत मिसळतो का, हे आधी बघा. तसं नसेल तर वादात वेळ घालवू नका. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, कुठल्याही वेळी लागतो.

आता तुमच्या आईचं. ती "संसार" म्हणाली तेव्हा तुम्ही तिला बसून विचारलं होतं, की ती पोळ्या लाटत असताना दारातून विचारलं होतं? राग मानू नका, हे मी विचारतोय कारण मी तेच केलं.

माझी बायको सहा वर्षं माझ्यासाठी भाज्या उकडून पाणी फेकून देते, त्याने पोटॅशियम कमी होतं. माझं पाणी बाटलीत मोजून भरते. स्वतः माझ्यासमोर पाणी पीत नाही, आत जाऊन पिते. डायलिसिसच्या खोलीतली सगळ्यांची मतं मी घरी येऊन तिला सांगायचो. काकू काय म्हणाल्या, सर काय म्हणाले. एकदा सहज विचारलं, तुला काय वाटतं गं? ती म्हणाली, "आधी जेवून घ्या." मला वाटलं, हिला या विषयात रस नाही.

दोन दिवसांनी रात्री दिवा मालवल्यावर ती आपणहून म्हणाली, "माझंही काही मत असेल, असं तुम्हाला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं."

मी उठून बसलो. म्हटलं, मग सांग.

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "संध्याकाळी सगळे घरात आले, दाराला कडी लावली, की मला वाटतं, आजचं झालं. मला तेवढंच पाहिजे असायचं. पण तुम्ही धडधाकट होतात तेव्हा दहाला यायचात. मग मुलं झोपायची, जेवण गार व्हायचं, आणि कडी मी एकटीच लावायची."